पंपघराचा कोपरा

शाळांच्या मैदानावर त्यांना सगळे लॅपबाई म्हणत. लांब पल्ल्याच्या शर्यतीत किती फेऱ्या उरल्या ते दाखवणारी पाटी उलटायची, शेवटच्या फेरीला घंटा द्यायची, आणि कुणी एका फेरीने मागे पडलं असेल तर त्याला नजरेत धरून ठेवायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. नोकरी टपाल खात्यात, पत्रं वेगळी करायच्या हॉलमध्ये. तिथे नजर अशी तयार झाली होती की एकाच रंगाच्या बनियनमधल्या वीस मुली घोळक्याने समोरून गेल्या तरी कोण कितव्या फेरीत आहे ते त्या बिनचूक सांगत. "आमच्या लग्नाचे लॅप किती झाले ते मात्र हिच्या लक्षात राहत नाही," असं नवरा चारचौघांत म्हणायचा. त्या म्हणायच्या, "घंटा मी दिली की कळेल तुम्हाला."

मैदानावर त्या आल्या मुलीमुळे. मुलगी सातवीत धावायला लागली होती. एका शनिवारी घड्याळ धरायला माणूस कमी पडला, तेव्हा तिच्या शाळेतल्या व्यायामाच्या सरांनी यांच्या हातात स्टॉपवॉच ठेवलं आणि म्हणाले, "ताई, आवाज ऐकून दाबू नका. सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर दिसला की दाबा. आवाज उशिरा पोचतो." एवढंच. ते त्यांना इतकं आवडलं की त्या घरी येऊन दिवसभर तेच सांगत राहिल्या. मुलगी सोळाव्या वर्षी धावणं सोडून मोकळी झाली, पुढे नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. आई मैदानावरच राहिली.

निवृत्तीनंतर शाळा क्रीडा मंडळाने नवे पंच तयार करायचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. तसं ते आधीही त्याच करत होत्या, आता कागदावर आलं इतकंच. दर वर्षी हंगामाच्या आधी एका शाळेच्या रसायनशाळेत चार रविवार वर्ग भरायचा. पूर्वी तीस-पस्तीस माणसं यायची, उशिरा आलेल्यांना खिडकीत बसावं लागायचं. मग वीस झाली, मग बारा. येणारे टिकायचेही नाहीत. पहिल्या स्पर्धेला उत्साहाने पांढरी टोपी घालून यायचे, कुणाचा तरी बाप अंगावर धावून यायचा, कुणाची तरी आई "तुम्हाला डोळे आहेत का" म्हणायची, आणि पुढच्या शनिवारी यांचा फोन उचलला जायचा नाही. लॅपबाई घरी जाऊन भेटायच्या, समजूत घालायच्या, चहा पिऊन परत यायच्या. दहांतला एखादा परत यायचा.

त्या वर्गात त्या एक गोष्ट दर वर्षी सांगत. "पंच चुकला तर चालतं. मी शंभरदा चुकले आहे. पण पंच एकटा पडला तर चालत नाही. तुम्ही जे पाहिलं ते लिहून द्या. बाकीचं ओझं माझं." हे सांगताना त्या टेबलावर हात टेकून उभ्या राहायच्या, आणि ऐकणाऱ्याला खरंच बरं वाटायचं.

औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी तीन वर्षांपूर्वी या वर्गाला आली होती. सव्वीस-सत्तावीसची, बोलायला अगदी कमी. ती कधी धावली नव्हती, तिचं कुणी धावतही नव्हतं. का आलीस, असं विचारलं तर म्हणाली, "दुकानात दिवसभर काचेच्या आत असते. म्हटलं, रविवारी तरी बाहेर उभं राहावं." बाईंना हसू आलं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी शेवटच्या रेषेवर पाच मुलींना एकदम पळवून "कोण पहिली" विचारलं, तेव्हा बाकीचे डोकं पुढे काढणारीचं नाव घेत होते आणि ही एकटी म्हणाली, "चौथ्या पट्टीतली. डोकं नाही, छाती बघायची असते ना?" बाई घरी गेल्या आणि चपला काढता काढता नवऱ्याला म्हणाल्या, "मला माणूस मिळाला."

सगळे तिला औषधवाली म्हणू लागले. तिला बाईंनी हाताला धरून शिकवलं. तीन घड्याळांत तीन वेगळ्या वेळा आल्या तर मधली धरायची. पालक ओरडला तर त्याच्याकडे बघायचं, पण उत्तर द्यायचं नाही. क्रॉस कंट्रीच्या वाटेवर ज्या वळणापलीकडचं दिसत नाही तिथे कायम दोन पंच उभे करायचे, एक कधीच नाही. आणि कुठे पावलांवरून वाद होईल असं वाटलं तर आधी ती जागा दोरीने बंद करायची, मग बोलायचं. दोरीचं एक बंडल बाईंच्या पिशवीत कायम असायचं.

तिसऱ्या वर्षी विभागाची क्रॉस कंट्री आली. सोळा शाळा, वाटेवर एकोणीस वळणं. सकाळी सहाला बाईंनी हजेरी घेतली तर आलेले पंच अठरा. चार जणांनी आदल्या संध्याकाळी निरोप पाठवला होता, कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं आणखी काही. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली, सरळसोट वळणांवर नुसते खांब रोवले, आणि पंपघराच्या कोपऱ्याशी येऊन अडल्या. तिथे वाट पंपघराच्या मागून जाते आणि लाल कापड बांधलेल्या लोखंडी खांबाला बाहेरून वळसा घालते. पलीकडचं काही दिसत नाही. दोन माणसांची जागा.

"मी एकटी उभी राहते," औषधवाली म्हणाली.

"दोन हवेत तिथे."

"दुसरा आणणार कुठून?"

बाईंनी होकारार्थी नुसती मान हलवली.

मुलींच्या शर्यतीत त्या दिवशी अख्खं मैदान एकाच शाळेच्या बाजूने होतं. दगडखाणीजवळची छोटी शाळा, जिंकायची तर सवयच नाही. त्यांची पुढची मुलगी वसतिगृहात वाढलेली, पाठीमागे कुणी नाही, बूट दुसऱ्याचे. आणि त्यांना शिकवणारे सर म्हणजे तेच, ज्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी बाईंच्या हातात घड्याळ ठेवलं होतं. त्या वर्षी ते निवृत्त होणार होते. चाळीस वर्षांत त्यांच्या शाळेकडे एकही चषक आला नव्हता.

मुलगी पहिली आली. संघाची बेरीज झाली तर दोन गुणांनी शाळाही पहिली. लोक नाचायला लागले. सर रेषेपाशी खाली बसले होते आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. त्यांना असं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

पाव तासाने औषधवाली मैदान ओलांडून चालत आली. हातात पिवळी झेंडी आणि घडी घातलेला कागद. बाई त्या दिवशी मुख्य पंच होत्या. कागदावर सहा ओळी होत्या, अक्षर स्वच्छ. पहिली आलेली मुलगी दुसऱ्या फेरीत पंपघराच्या कोपऱ्यावर खांबाच्या आतून गेली. धक्का लागलेला नव्हता. झेंडी वर केली होती. खाली सही आणि वेळ.

नियम सरळ होता. ती बाद, आणि ती गेली की चषक दुसऱ्या शाळेचा.

बातमी कशी फुटली कुणास ठाऊक, पण पाच मिनिटांत घोळका जमला. "अहो, पोरीच्या अंगावर कपडे सुद्धा मागून आणलेत!" कुणीतरी ओरडलं. "हिला काय मिळणार आहे त्यात?" एका बाईने औषधवालीच्या तोंडासमोर फोन धरला आणि विचारलं, "तुझ्या छातीत काळीज आहे का दगड?" औषधवालीने तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. शिकवलं होतं तसंच.

सर आले. भांडले असते तर बरं झालं असतं असं बाईंना नंतर कितीदा तरी वाटलं. ते नुसते उभे राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "ताई, एकदा नीट बघाल ना?"

"बघते," बाई म्हणाल्या. तक्रार समिती अर्ध्या तासाने बसेल असं सांगितलं आणि त्या एकट्याच पंपघराकडे निघाल्या.

पंपाच्या जुन्या नळातून पाणी झिरपून तिथली माती कायम ओली असायची. खांबाच्या बाहेरून पावलांचा चिखल झाला होता, शंभरेक जणींचा. आणि आतल्या बाजूला, अस्पर्शित मातीत, तीन पावलं होती. लहान पाऊल, पुढे खिळ्यांचे सहा ठिपके, लांब टाकलेली ढांग. शेवटच्या पावलाशी टाच थोडी घसरलेली. टपालातल्या बाईंना पत्ता वाचायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच ती पावलं कुणाची हे ओळखायला लागला.

त्यांनी पिशवीत हात घातला. दोरी हाताला लागली. मागून आवाज येत होते, पालकांचा लोंढा जागा बघायला म्हणून फोन उंचावत इकडेच येत होता. दोरी काढून खांबाभोवती टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. बाईंच्या डोळ्यांसमोर सर होते, रेषेपाशी बसलेले. हात पिशवीतच राहिला. लोक आले, "कुठे, कुठे" करत खांबाच्या आत-बाहेर फिरले, आणि बघता बघता तिथे नुसता चिखल उरला.

समिती बसली ती सामानाच्या खोलीत, हर्डल्सच्या ढिगाला पाठ लावून. चुन्याचा वास, एकच खिडकी. मंडळाचे सचिव, एका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि लॅपबाई. औषधवाली दारात उभी.

"तिथे तुम्ही एकट्याच होता?" सचिवांनी विचारलं.

"हो."

"नियमाने दोन पंच लागतात ना त्या जागी?"

औषधवालीने बाईंकडे पाहिलं. दोन नव्हते यात तिचा काय दोष, हे सांगायचं काम बाईंचं होतं. बाईंनी ते सांगितलं नाही. उलट त्यांच्या तोंडून निघालं, "पण तू पक्कं पाहिलंस ना? उन्हाचं, घाईगर्दीत..."

औषधवाली म्हणाली, "हो बाई. पक्कं."

ती बाहेर गेल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एकीचाच शब्द आहे. संशयाचा फायदा द्यावा." सचिव म्हणाले, "मलाही तसंच वाटतं. तुम्ही?" बाईंनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

निकाल त्यांनी स्वतःच सांगितला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या आलेल्या शाळेच्या मुलींनीही टाळ्या वाजवल्या, त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. औषधवालीने टोपी आणि झेंडी टेबलावर नीट ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागली. तिच्या मागून कुणीतरी शिट्टी मारली, चार-पाच जण हसले. बाईंच्या भोवती लोक होते, हात हातात घेत होते. त्या तिथून हलल्या नाहीत.

फोनवर काढलेलं ते चित्रण गावभर फिरलं. एका अनाथ मुलीचा चषक हिसकावायला निघालेली औषधवाली म्हणून. दुकानात लोक मुद्दाम बघायला यायला लागले, कुणी औषध घेऊन पैसे तिच्या हातात न देता काचेवर टाकून जायचे. मालकाने तिला आतल्या खोलीत, खोकी उघडायच्या कामावर बसवलं. बाईंना हे सगळं कळत होतं. त्यांनी सहा वेळा फोन केला. सहाव्यांदा उचलला गेला आणि ती म्हणाली, "बाई, मला नाही जमणार आता. राग नाही." आणि ठेवला.

दोन महिने बाईंनी काढले. झोप उडाली, जेवणावरचं मन गेलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझं वय झालंय आता. सोड ना ते मैदान. कुणासाठी करतेस?" शेवटी एका दुपारी त्या उठल्या आणि दुकानात गेल्या. मालकाने आत जाऊ दिलं. औषधवाली खोक्यांच्या मध्ये स्टुलावर बसून बाटल्यांवरच्या तारखा तपासत होती.

"काही हवं होतं का?" तिने विचारलं. गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

बाई उभ्या उभ्याच बोलल्या. माफी मागितली. आणि माफी मागायची तर पुरती मागावी म्हणून, तीन पावलांचंही सांगितलं. ठिपके, घसरलेली टाच, पिशवीतली दोरी, सगळं.

औषधवालीच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या खोलीत मला विचारलंत, पक्कं पाहिलंस का, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

बाहेर मालक कुणाला तरी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होता.

"मला वाटत होतं, तुम्हाला खरंच शंका आली," ती शेवटी म्हणाली. "ते मी समजून घेतलं होतं. माणसाला शंका येते. मग मलाच वाटायला लागलं की मी चुकले असेन. रोज मनात ती पोरगी पळवून बघायचे, आतून गेली की बाहेरून. दोन महिने." तिने बाटली खोक्यात ठेवली. "त्या मुलीचं मला वाईट वाटलं नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? झेंडी वर करावीशी वाटत नव्हती मला. तरी केली. बाकीचं ओझं माझं, असं तुम्ही म्हणाला होता म्हणून केली."

"मी मंडळाला लिहून देते सगळं," त्या म्हणाल्या.

"आता?" ती म्हणाली. "आता लिहून काय होणार? सरांचा चषक काढून घेणार? की त्या पोरीला पुन्हा चव्हाट्यावर आणणार? नका लिहू. मला पुन्हा त्यात ओढू नका." आणि ती पुढचं खोकं उघडायला लागली.

बाई घरी आल्या. पत्र लिहायला बसल्या, दोन ओळी लिहिल्या, फाडलं. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाली?" त्यांनी सगळं सांगितलं. नेहमी काहीतरी टोमणा मारणारा तो माणूस त्या दिवशी नुसता खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या वर्षी वर्गाला दोघे आले. एक शाळेने बळेच पाठवलेला शिक्षक, जो तासभर फोनमध्ये डोकं घालून बसला. दुसरी एका धावणाऱ्या मुलाची आई. बाई टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या. पंच एकटा पडला तर चालत नाही, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी ते गिळलं. घड्याळ कसं धरायचं ते दाखवायला लागल्या. त्या आईने मध्येच विचारलं, "पण लोक आमच्या अंगावर आले तर आमच्या बाजूने कोण? ते मागच्या वर्षीचं पाहिलं मी फोनवर." बाई म्हणाल्या, "मंडळ असतं." ती पुढच्या रविवारी आली नाही.

क्रॉस कंट्रीला त्या वर्षी अकरा पंच जमले. बाईंनी सचिवांना सांगितलं, शर्यत पुढे ढकला. सचिव म्हणाले, "बसेस ठरल्यात, मुलं निघालीत, कसं ढकलणार? खांब लावा जास्तीचे." खांब लावले. सर्वांत लहान मुलींच्या शर्यतीत आठव्या वळणावरचा खांब वाऱ्याने की कुणाच्या धक्क्याने आडवा झाला. तिथे माणूस नव्हता. पुढची मुलगी सरळ गेली, तिच्या मागे सगळ्या गेल्या, साठ-सत्तर मुली, मैदानाबाहेर, खडीच्या रस्त्यावर. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून अनर्थ टळला. एक दहा वर्षांची पोर कुठे दिसेना. चाळीस मिनिटांनी ती एका बंद फाटकाशी बसलेली सापडली, बूट हातात घेऊन, श्वास लागलेला. बाईंनी तिला उचललं तर ती म्हणाली, "मी कितवी आले?"

सर त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. बाईंनी त्यांना विचारलं, तुमची मागच्या वर्षीची मुलगी कुठे दिसत नाही.

"धावणं सोडलं तिने," सर म्हणाले. "चषक मिळाला आणि त्यानंतर एक दिवस मैदानावर आली नाही. पाय दुखतो म्हणते. डॉक्टरला दाखवलं, पायाला काही नाही. चषकाजवळ फोटोला उभी राहा म्हटलं तर रडायला लागली. मला काही कळत नाही ताई. तुम्हाला काही बोलली होती का कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

महिन्याभराने मंडळाची सभा झाली. पंच मिळत नाहीत, मुलांच्या जिवाशी खेळ नको, सबब क्रॉस कंट्री यापुढे बंद, असा ठराव सचिवांनी वाचला. कुणाचं काही म्हणणं? सोळा शाळांची माणसं बसली होती. कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. हात वर झाले. बाईंना मत नव्हतं, त्या निमंत्रित होत्या. चार मिनिटांत विषय संपला आणि पुढचा आला, मैदानावरच्या स्वच्छतागृहाचं छप्पर.

सभा संपल्यावर सचिव जवळ आले. "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही होईल तेवढं केलंत. ट्रॅकचं काम तरी चालू ठेवा. पुढच्या शनिवारी येणार ना?"

बाईंनी हो म्हटलं. शनिवारी त्या गेल्याही. पावणेआठला मुलींची तीन हजार मीटर सुरू झाली. त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं, पाटी त्याच उलटत होत्या आणि वहीत खुणाही त्याच करत होत्या. कुरकुर करायला कुणी पालक आला नाही, वाद झाला नाही, एकही चूक झाली नाही. परत येताना बस औषधांच्या दुकानावरून गेली. त्या उजव्या बाजूच्या खिडकीशी बसल्या होत्या. दुकान येण्याच्या आधीच्या थांब्यावर त्या उठल्या आणि डाव्या बाजूला जाऊन बसल्या.